कागद आपला, म्हणणंही आपलंच



गेल्या महिन्यात आम्ही चार-पाच जण कार्यालयात या बातमीपत्राची स्टेन्सिल कापत बसलो होतो. दाव्यांची यादी होती, मोर्च्याची तारीख होती, तहसीलदाराला दिलेलं निवेदन होतं. नेहमीचंच काम. तेवढ्यात एका पाड्यावरची नववीपर्यंत शिकलेली पोरगी आली. तिच्या हातात तळहाताएवढी, आठ पानांची एक पुस्तिका होती. एकच कागद घडी घालून केलेली. वरती काळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘माझं म्हणणं’. ती म्हणाली, “ताई, ही पुढच्या सभेत वाचाल का? आणि जमलं तर आपल्या मशीनवर काढाल का?”

आम्ही वाचली. पहिल्या पानावर तिच्या घराचं चित्र, कारवीचा कूड आणि दारातली मोहाची फुलं. पुढे आपल्या देवांबद्दल, जंगलाबद्दल. सगळ्यांना आवडलं. पाचव्या पानावर मात्र लिहिलं होतं : ‘बापाच्या प्लॉटवर मी लहानपणापासून राबते. दाव्याच्या कागदात मी कुठे नाही. लग्न झालं तर नवऱ्याच्या कागदात असेन, त्याने टाकली तर कुठेच नसेन. जमीन कसणाऱ्याची, असं आपण म्हणतो. मग मी कसत नाही काय? मला वाटतं ते मी लिहिलं.’

खोलीत जरा शांतता झाली. मग एक जुने साथी म्हणाले, “पोरी, खरं आहे तुझं. पण ही वेळ नाही. आधी दावे मंजूर होऊ दे. आता हे वाचलं तर लोकांत फूट पडेल.” बाकीच्यांनी मान हलवली. पोरगीने पुस्तिका घेतली, पाणी प्याली आणि बस पकडायला निघून गेली.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. मी कार्यकर्ती आहे, बारावी शिकले आहे, सभेत माईक हातात घेते, पण त्या दिवशी गप्प बसले. ते मला अजून टोचतं. म्हणून हा लेख. ज्या साथींनी नको म्हटलं त्यांचा मी मान ठेवते. त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, मी नाही. पण मला वाटतं आपण चुकलो. का चुकलो ते सांगते.

आपला आणि कागदाचा संबंध कसा होता ते आठवा. सावकाराचा कागद आला तेव्हा आपल्या आज्याने अंगठा दिला. कागदात काय लिहिलंय ते त्याला कोणी वाचून दाखवलं नाही. लग्नासाठी थोडे पैसे घेतले आणि त्यापायी माणूस बायकोसकट मालकाकडे लग्नगडी म्हणून राबत राहिला. नंतर फॉरेस्टचा कागद आला. पंचनामा आणि दंडाची पावती. त्यात आपलं नाव होतं, पण पुढे शब्द होता ‘अतिक्रमणदार’. साहेबांनी आपल्यावर गॅझेटियर लिहिलं, शहरातून लोक येऊन प्रबंध लिहून गेले. कोणी लिहिलं भोळे, कोणी लिहिलं दारुडे, कोणी लिहिलं निसर्गपूजक. चांगलं लिहिलं तेही आपल्याबद्दल लिहिलं. आपण लिहिलं ते कुठे आहे?

१९४५ साली वारली उठले, वेठ मोडली, लग्नगडी सोडवले. गोदूताई परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली लिहिलं, म्हणून माझ्यासारखीला ते कळलं. त्यांचे उपकार आहेत. पण त्या लढ्यात लाल झेंडा घेऊन चाललेल्या एखाद्या वारली बाईने स्वतःच्या मनातलं स्वतः सांगून लिहवून घेतलेली एकही ओळ आजवर माझ्या हाती आलेली नाही. तिला काय वाटलं? भीती वाटली का? मालकाच्या घरी जायचं बंद केलं त्या पहिल्या सकाळी तिने काय केलं? तिने आठ पानं ठेवली असती तर आज ती आपण पोरींना वाचून दाखवली असती.

माझं पहिलं म्हणणं हेच आहे. दावा हा सरकारसाठीचा कागद आहे. निवेदनही सरकारसाठीच. हे बातमीपत्र संघटनेसाठी. पण माणसाने स्वतःला काय वाटतं, कशावर आपला विश्वास आहे, ते लिहिलेला कागद आपल्याकडे नाहीच. आपण नेहमी ‘आम्ही’ म्हणतो. आम्ही मागणी करतो, आम्ही निषेध करतो. ‘आम्ही’ पाहिजेच, त्याशिवाय गार्डसुद्धा आपलं ऐकत नाही. पण त्या ‘आम्ही’च्या आत प्रत्येकीचा ‘मी’ जिवंत नसेल तर घोषणा नुसत्या तोंडच्या होतात. मोर्च्यात बाई ट्रकमधून येते, हात वर करते, परत जाते. तिला विचारा, का आलीस? ती म्हणते, “सगळ्या आल्या म्हणून.” ह्यात तिचा दोष नाही. तिला तिचं कारण कोणी विचारलंच नाही.

आता असं स्वतःचं पुस्तक हाताने करणं हे काही नवीन खूळ नाही. आश्रमशाळेत हस्तलिखित निघायचं ते आपण पाहिलं आहे. शहरात १९५५ साली ‘शब्द’ नावाचं कवितांचं मासिक काही तरुणांनी सायक्लोस्टाईल करूनच काढलं होतं, आपल्या या बातमीपत्रासारखंच. रशियात सरकारने छापू दिलं नाही तेव्हा लोक कार्बन पेपर घालून टाईप करत आणि हातोहात वाटत. अमेरिकेत अशा घरी केलेल्या पुस्तिकांना झीन म्हणतात. शिबिराला आलेल्या एका ताईंनी हे सांगितलं आणि त्याच वेळी एका कागदाची घडी घालायला शिकवली. नाव काहीही असो. आमच्या पाड्यावरची पोरं त्याला ‘आठपानी’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

आठपानी कशी करायची ते सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की नुसतं भाषण दिलं.

एक कोरा कागद घ्या, झेरॉक्सवाल्याकडे मिळतो तो. लांब बाजूने अर्धा दुमडा, परत अर्धा, परत अर्धा. उघडलात की आठ चौकोन दिसतील, वर चार, खाली चार. आता कागद आडवा धरा आणि एकदाच मधे असा दुमडा की डावी कड उजव्या कडेवर येईल. जिथे दुमडला त्या बाजूने, मधल्या आडव्या घडीवरून, पहिल्या उभ्या घडीपर्यंतच कापा. पूर्ण कापायचं नाही. कागद उघडलात की मधोमध एक चीर दिसेल. आता लांबीने दुमडा, चीर वर ठेवा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. चीर उघडते आणि पानं चार दिशांना उभी राहतात. ती एका बाजूला वळवून दाबली की पुस्तक. टाचणी नको, डिंक नको.

लिहिण्याआधी पानांवर पेन्सिलने बारीक आकडे टाका, एक ते आठ. मग परत उघडा. अर्धी पानं उलटी दिसतील. घाबरू नका, कागद फिरवून लिहा. पेन काळं वापरा, निळं झेरॉक्सला फिकं येतं. कडेला बोटभर जागा सोडा, नाहीतर मशीन अक्षरं खातं. तालुक्याला एका बाजूचे एक-दोन रुपये घेतात. म्हणजे ५० घरांचा पाडा असेल तर घरटी एक प्रत शंभर रुपयांच्या आत होते. हेच स्टेन्सिलवर काढायचं असेल तर लोखंडी लेखणीने ओरखडून चित्रही काढता येतं. फक्त आपल्या चित्रातली माणसं आपण भरीव त्रिकोणांची काढतो, तशी भरायची नाहीत. मेण फाटतं आणि शाईचा डाग पडतो. नुसत्या रेघा काढा. दोन त्रिकोण, गोल डोकं, चार काड्या. तेवढ्यानेही माणूस चालायला लागतो.

“ताई, आम्हाला लिहिता कुठे येतं?” हे मी दर पाड्यावर ऐकते. लिहिता येत नाही तर सांगता येतं. लग्नाचा चौक कोण लिहितं? आपल्या बायाच लिहितात. आपण त्याला ‘चौक लिहिणं’च म्हणतो. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक काढणाऱ्या बाईला मी अडाणी म्हणणार नाही. तिने चित्र काढावं, सांगावं, आणि शाळेत गेलेल्या पोराने लिहावं.

मात्र लिहिणाऱ्याने एक पाळलं पाहिजे. सुधारायचं नाही. मी सातवीत असताना निबंधात ‘डोसी’ लिहिलं होतं. मास्तरांनी लाल रेघ मारून वर ‘आजी’ लिहिलं आणि वर्गात वाचून हसवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी घरचं काही लिहिलं नाही. आजी हा शब्द चांगला आहे, पण माझी डोसी डोसीच आहे. गेल्या पावसाळ्यात मी तिची आठपानी लिहायला बसले तेव्हा ती म्हणाली, “लिव बाय, पण मी सांगीन तसंच लिव. माझ्यात तुझं घालू नको.” तेव्हा मला कळलं की मी तिच्या वाक्यात ‘शोषण’ हा शब्द घालत होते. तिने तो कधी उच्चारला नव्हता. ती म्हणाली होती, “आमच्या हातचं त्यांनी खाल्लं आणि आमाला उपाशी ठेवलं.” शोषण म्हणजे काय ते हिच्यापेक्षा नीट मी शिबिरात ऐकलेलं नाही.

डोसीच्या आठपानीत काय आहे? पहिल्या पावसात उगवलेली कोळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय आमच्या घरी खात नाहीत. नवं भात कणसरीला दिल्याशिवाय चुलीवर चढत नाही. वाघ बारशीला वाघदेवाचं करतात. ती म्हणते, “भाजीला वाढू द्यायची, मंग खायची. देव म्हणजे थांबणं.” मी शाळेत जंगल वाचवण्यावर धडे वाचले, फॉरेस्टच्या भिंतीवर रंगवलेल्या पाट्या वाचल्या. डोसीचं हे कुठे वाचलं नव्हतं. आणि ही बाई फॉरेस्टच्या कागदात जंगलाची शत्रू आहे!

आता जुन्या साथींच्या हरकतींकडे येते.

पहिली हरकत अशी की दावे अडलेत, पुरावे मागतात, आणि ही पोरं चित्रं काढत बसतात. मी स्पष्ट सांगते, आठपानी हा पुरावा नाही. ती दाव्याला जोडून कोणी मंजुरीची वाट बघू नये. २००६ च्या कायद्याच्या नियमात दोन पुरावे लागतात. दंडाची पावती चालते, जमिनीवरचे बांध, ताली, घर, विहीर, स्मशान, देवस्थान चालतं, आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या जुन्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो. हा जबाब वेगळा, व्यवस्थित लिहून समितीसमोर द्यायचा.

पण मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगते. आमच्या पाड्यावर जबाब घ्यायला बसलो तेव्हा म्हाताऱ्या “व्हय, कसत होते” एवढंच म्हणायच्या. पुढे बोलायच्या नाहीत. साहेबासमोर तोंड उघडायची सवयच नाही. आठपानी केल्यानंतर डोसीने शेजाऱ्याच्या दाव्यासाठी जबाब दिला तेव्हा बांध कोणत्या दुष्काळात घातला, दगड कुठून आणले, गार्डने कोंबडी कोणाची नेली, सगळं सांगितलं. एकदा आपलं म्हणणं कागदावर बघितलं की माणूस दुसऱ्या कागदाला भीत नाही.

दुसरी हरकत फुटीची. ही खरी हरकत आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते. पोरगीने पाचव्या पानावर लिहिलं ते कायद्याच्या विरुद्ध आहे काय? नाही. कायदाच सांगतो की लग्न झालेल्यांच्या बाबतीत हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि एकट्या माणसाचं कुटुंब असेल तर त्या एकट्याच्या नावे. विधवा, टाकलेली बाई, लग्न न केलेली बाई स्वतः कसत असेल तर तिचा दावा होतो. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत, असंही नियम सांगतो. आपल्या किती समित्यांत बायांची नावं नुसती कोरम भरायला आहेत, ते प्रत्येकाने आपल्या गावाला विचारावं. बापाच्या प्लॉटवर राबणाऱ्या लेकीबद्दल कायदा फार काही बोलत नाही, ते बोलायचं काम आपलं आहे. ते ती पोरगी बोलली.

ती बोलली म्हणून फूट पडणार नाही. फूट आधीच होती, ती तिने दाखवली. आपण मालकाला म्हणत होतो की आम्हाला बोलू द्या, आणि मालक म्हणायचा, ही वेळ नाही, आधी पेरणी होऊ दे. आपल्या पोरींना तेच उत्तर द्यायला नको. एकी म्हणजे सगळ्यांनी एकच बोलणं नव्हे. घरातही भांडण होतं म्हणून कोणी चूल वेगळी करत नाही. न बोलता मनात धरून ठेवलं की मात्र करतात.

याच्या उलट बाजूने मी पोरापोरींनाही सांगते. मनात आलं ते सगळं विश्वास म्हणून लिहायचं नाही. अमकी बाई भुताळी आहे असं मला वाटतं, हे आठपानीत चालणार नाही. तो तुझा विश्वास नाही, तो दुसऱ्याच्या जिवावरचा निकाल आहे. अशा निकालाने बाया गावाबाहेर काढल्या गेल्या, मारल्या गेल्या. आठपानीत ‘मी’ लिहायचा. तू कशाला मानतेस, कशाला मानत नाहीस, तुला कशाची लाज वाटते, तू कशासाठी उभी राहशील. भगताला मानतेस तर तसं लिही, मानत नाहीस तर तसंही लिही. कोणी माळ घातली, कोणी चर्चला जायला लागलं, त्यांनीही लिहावं. देव बदलला तरी प्लॉट तोच आहे आणि गार्ड तोच आहे.

दुसरी काळजी औषधांची. कोणत्या झाडाची साल कशाला लागते, मध कुठल्या कड्यावर, हे आठपानीत लिहू नका. पुस्तिका हातोहात कुठे जाईल सांगता येत नाही. कायद्याने या जुन्या ज्ञानावर गावाचा सामुदायिक हक्क मानला आहे, म्हणजे ते एकट्याने वाटायचं नाही, गावाने ठरवायचं. आपली चित्रं कपावर आणि चादरीवर छापून विकली जातात, ती काढणाऱ्या पाड्याला त्यातलं काय मिळतं ते आपण बघतोच. धवलेरीची गाणीही तिला विचारल्याशिवाय उतरवू नका. काही गाणी लग्नातच म्हणायची असतात, ती तशीच राहू द्या. सगळंच कागदावर आलं पाहिजे असं नाही.

तिसरी हरकत अशी की वाचणार कोण? रात्री अंगणात एकाने वाचली तर वीस जण ऐकतात. सुगीनंतर तारपा घुमतो तेव्हा लोक जमतातच. ग्रामसभेच्या सुरुवातीला एक आठपानी वाचायला पाच मिनिटं लागतात. सरपंचाच्या भाषणाला किती लागतात?

म्हणून माझी सूचना अशी. पुढच्या शिबिरापर्यंत प्रत्येक पाड्यावरून निदान दोन आठपानी याव्यात. एक म्हाताऱ्या माणसाची, एक पोरीची. मागे स्वतःचं नाव आणि पाडा लिहा. लिहायचं नसेल तर अंगठा द्या. हा अंगठा स्वतःच्या शब्दांखाली असेल, आधी वाचून घेतलेल्या. त्या शिबिरात वाचायच्या, कोणी मधे बोलायचं नाही, आणि वाचून झाल्यावर ज्याला पटलं नाही त्याने उत्तर म्हणून स्वतःची आठपानी करायची. माझ्या या लेखालाही जुन्या साथींनी तसंच उत्तर द्यावं. मी ती स्टेन्सिल स्वतः कापून देईन.

त्या पोरगीकडे मी गेल्या आठवड्यात गेले होते. पुस्तिका कुठे आहे विचारलं. तिने कणग्यामागे ठेवली होती, पाचवं पान बाहेरून दिसू नये अशी उलटी दुमडून. मी तिला म्हटलं, मी त्या दिवशी बोलले नाही, माझी चूक झाली. ती म्हणाली, “मंग आता वाचणार काय?” मी हो म्हणून आले आहे.

शिबिराच्या पहिल्या दिवशी सकाळी, नाव नोंदणीच्या आधी, मी ती वाचणार आहे. पाचव्या पानासकट. तिच्यानंतर माझी. माझ्या आठपानीचं पहिलं पान लिहून झालं आहे, ते इथेच देते :

‘मी संघटनेला मानते. मी डोसीच्या देवाला मानते, कारण तो थांबायला शिकवतो. पण बाईला थांब म्हणणाऱ्याला मी मानत नाही.’

जोहार. जिंदाबाद!

— तुमच्यातलीच एक कार्यकर्ती